मराठीतली गुप्तलिपी मुलांना मैदानावर कशी खेळवावी?

पारिजात

नमस्कार मंडळी,

देवरुखजवळच्या आमच्या वाडीत मी मुलांचं छोटं वाचनालय चालवते. मे महिन्यात चाकरमान्यांची मुलं मुंबई-पुण्याहून येतात, गावातली मुलं त्यांच्यात मिसळतात आणि उन्हं कलली की वाचनालयामागच्या कलमांच्या बागेत नुसती धमाल असते. वयं सात ते तेरा. यंदा त्यांच्यासाठी गुप्त निरोपांचा खेळ करायचं मनात आहे. चिठ्ठी शोधायची, उलगडायची, पुढच्या ठिकाणी धावायचं, असा.

पुस्तकांत आणि व्हिडिओंत जे मिळतं ते सगळं इंग्रजी अक्षरांवर बेतलेलं. ए म्हणजे १, बी म्हणजे २. इंग्रजी शाळेतली मोठी मुलं ते चटकन सोडवतात आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतली तिसरी-चौथीची मुलं बाजूला उभी राहतात. मला ते अजिबात नको आहे. मराठीत करायला बसले तर क म्हणजे १, ख म्हणजे २ इथवर ठीक. पण 'विहीर' लिहायची कशी? प्रत्येक काना-मात्रेला वेगळा आकडा दिला तर यादी एवढी लांबते की मुलं किल्लीच वाचत बसतील. जोडाक्षरांचं तर विचारूच नका.

दुसरी अडचण खेळातली. जो सगळ्यांत जोरात पळतो त्याच्या हाती चिठ्ठी लागते आणि बाकीचे त्याच्या मागे धावतात. डोकं एकाचं चालतं, पाय सगळ्यांचे. हे टाळायचं कसं? कुणी मैदानावर किंवा शिबिरात असं काही खेळवलं असेल तर अगदी बारीकसारीक सांगा.

---

विटीदांडू

पारिजातताई, कागद-पेन्सिल काढण्याआधी तोंडी सुरुवात करा. 'च'ची भाषा घ्या. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि पुढे 'च' लावायचा. तुला काय पाहिजे? चलातु चयका चहिजेपा? आम्ही डबा ऐसपैस खेळताना राज्य कुठल्या बाजूला फिरतंय ते लपलेल्यांना याच भाषेत ओरडून सांगायचो. राज्य असलेल्याला ती कळायला लागली की ठरवून 'च'चा 'फ' करायचा. किल्ली फुटली की बदलायची, हे मुलांना इथेच कळतं, वेगळं समजावावं लागत नाही.

---

खडूफळा

पारिजातताई, मी प्राथमिक शिक्षिका, आता निवृत्त. जुन्नर तालुक्यात शाळा करताना कब-बुलबुल आणि स्काउट-गाइडचं काम बरीच वर्षं केलं, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. जरा लांबण लागेल.

तुम्हाला हवी ती किल्ली वाचनालयाच्या भिंतीवर आधीच टांगलेली असेल: मुळाक्षरांचा तक्ता. क ख ग घ ङ, च छ ज झ ञ, ट ठ ड ढ ण, त थ द ध न, प फ ब भ म. पाच ओळी, प्रत्येकीत पाच अक्षरं. इंग्रजीत अशी चौकट करताना २६ अक्षरं २५ घरांत मावत नाहीत, म्हणून आय आणि जे सहसा एकाच घरात बसवतात. आपल्याकडे घरं आखलेलीच आहेत, आणि उच्चाराच्या जागेनुसार लावल्यामुळे ती मुलांच्या तोंडात बसलेली असतात. 'ट'ची ओळ म्हण, असं सांगितलं की दुसरीतलं पोरही घडाघडा म्हणतं. पाठ करायला नवं काहीच नाही.

प्रत्येक अक्षराला दोन आकडे: आधी ओळ, मग ओळीतली जागा. क ११, ग १३, च २१, ड ३३, त ४१, म ५५. य र ल व श ही सहावी ओळ, ष स ह ळ ही सातवी. आता काना-मात्रा. त्यासाठी बाराखडीचाच क्रम घ्यायचा: क १, का २, कि ३, की ४, कु ५, कू ६, के ७, कै ८, को ९, कौ १०. हा आकडा रेघ मारून पुढे लिहायचा. १ असेल तर लिहायचाच नाही. म्हणजे तुमची 'विहीर' झाली ६४-३, ७३-४, ६२. सुटा स्वर आला तर ओळ शून्य, म्हणून 'आई' म्हणजे ०-२, ०-४. अनुस्वार आकड्याच्या डोक्यावर टिंब देऊन, जसा एरवी देतो तसाच. जोडाक्षरात ज्या अक्षराचा पाय मोडतो त्याच्यापुढे शून्य: 'क्' म्हणजे ११-०. क्ष आणि ज्ञ असलेले शब्द सुरुवातीला निवडू नका.

एवढं फळ्यावर दाखवायला फार वेळ लागत नाही. मग मुलांना बाहेर काढा आणि कागद काढून घ्या.

दोन गट मैदानाच्या दोन टोकांना. प्रत्येक गटातला एक 'तोंड'. तो डाव्या हाताच्या बोटांनी ओळ दाखवतो, उजव्याने जागा, आणि नंतर टाळ्या वाजवून बाराखडीचा आकडा देतो. सहाव्या ओळीला डावा हात डोक्यावर, सातव्या ओळीला कमरेवर, सुट्या स्वराला डावी मूठ. अनुस्वाराला कपाळावर टिकलीच्या जागी बोट. आणि जोडाक्षर आलं की एक पाय उचलून उभं राहायचं, कारण अक्षराचा पाय मोडलाय! हे मुलांना इतकं आवडतं की ती मुद्दाम 'म्हातारा', 'पुस्तक', 'कुत्रा' असे शब्द शोधून आणतात. जोडाक्षराला घाबरणारी मुलं जोडाक्षरं शोधत फिरतात, आणखी काय हवं?

समोरच्याला डावं-उजवं उलटं दिसतं, म्हणून ओळ दाखवणाऱ्या हाताला लाल रुमाल बांधा. सांगणाऱ्याचा एक मदतनीस हवा, तो निरोप हळू वाचून दाखवतो. घेणाऱ्या गटात एक बघणारा, एक मोठ्याने आकडे म्हणणारा, एक जमिनीवर काडीने लिहिणारा. बघणाऱ्याने लिहायला खाली मान घातली की पुढचं अक्षर निसटतं, म्हणून ही कामं वेगळीच ठेवायची. एक अक्षर नीट पोचलं की घेणाऱ्या गटाने हात वर करायचा. त्याशिवाय पुढचं द्यायचं नाही.

ऱ्हस्व-दीर्घाचं काय होतं ते सांगते. तिसरीतला एक मुलगा कायम 'पाणि' लिहायचा. त्याने पलीकडच्या गटाला 'पाणी आणा' असा निरोप दिला आणि 'ण'ला तीनच टाळ्या वाजवल्या. पलीकडची मुलं हात वर करेनात. पुन्हा तीन टाळ्या, पुन्हा तिकडे सगळे हात खाली. शेवटी मदतनीस त्याच्या कानात म्हणाला, "अरे, दुसरी वेलांटी, चार!" चौथी टाळी वाजली आणि तिकडे एकदम सगळे हात वर. त्या मुलाने 'पाणी' नंतर कधी चुकीचं लिहिलं नाही.

तुमची दुसरी अडचण: एकटाच पळणारा. चिठ्ठीच तीन तुकड्यांत करा. ओळींचे आकडे एका तुकड्यावर, जागांचे दुसऱ्यावर, बाराखडीचे तिसऱ्यावर. 'विहीर' असेल तर पहिल्यावर ६, ७, ६. दुसऱ्यावर ४, ३, २. तिसऱ्यावर ३, ४, १. (इथे १ लिहावा लागतो, नाहीतर जुळणी चुकते.) तीन तुकडे तीन झाडांना. जोरात पळणाऱ्याला एक तुकडा मिळतो आणि तो बाकीच्या दोघांची वाट बघत बसतो. गटही तसेच पाडा, मोठं, मधलं, लहान.

आणि एक आग्रहाचं सांगणं. बहुतेक ठिकाणी मोठी माणसं निरोप लिहितात आणि मुलं फक्त उलगडतात. तसं करू नका. पहिल्या निरोपानंतर लगेच लिहिण्याचं काम मुलांकडे द्या. दुसऱ्या गटासाठी निरोप लिहिताना मूल शब्दाचे तुकडे पाडतं, त्यातलं प्रत्येक अक्षर सुटं करून बघतं, आणि समोरच्याला ते कळेल का याचा विचार करतं. उलगडताना अंदाजाने निभावतं. अर्धा शब्द आला की 'विहीर, विहीर' असं ओरडून मोकळी होतात. लिहिताना अंदाज चालत नाही. निरोप आखूड हवेत, दोन-तीन शब्दांचे, आणि त्यातून काहीतरी करायला हवं: पाराला हात लावा, चाफ्याचं फूल आणा, बादली भरा.

संकेत म्हणजे काय हे अगदी लहानांना सांगायला मी पावनखिंडीची गोष्ट घेते. १६६० साल, महाराज विशाळगडाकडे निघालेले, बाजीप्रभू खिंडीत. गडावरून तोफांचे आवाज झाले की महाराज पोचले असं समजायचं. तोफेत एकही अक्षर नाही, तरी निरोप पूर्ण, कारण अर्थ आधी ठरलेला. एवढं कळलं की मुलं स्वतःचे संकेत ठरवायला लागतात.

वाट दाखवण्यासाठी स्काउटच्या खुणा घ्या. काड्यांचा किंवा दगडांचा बाण म्हणजे इकडे जा, फुली म्हणजे ही वाट नव्हे, वर्तुळ आणि मध्ये टिंब म्हणजे मी घरी गेलो. शेवटची खूण केनियात न्येरी इथे स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्या थडग्यावर कोरलेली आहे. मुलांना हे सांगितलं की ती खूण कधी विसरत नाहीत.

अंधार पडल्यावरही खेळता येतं. पॉलिबियस नावाच्या ग्रीक इतिहासकाराने इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात हीच युक्ती लिहून ठेवली आहे: अक्षरं पाच गटांत वाटायची, डावीकडच्या मशालींनी गट दाखवायचा आणि उजवीकडच्या मशालींनी गटातलं अक्षर. मशालींच्या जागी टॉर्च घ्यायचे, बस.

इथल्या मोठ्या मंडळींसाठी एक निरोप, बघा जमतो का: ५५, ३३, ११-०, ६१-२, ४१ / ५३, १४-२.

---

वऱ्हाडी_पाहुणा

बाई, "मडक्यात बघा". भाकरी खाता खाता सोडवलं, बायकोला पहिल्या शब्दातच लागलं.

तुमच्या या खुणा वाचून मला करपल्लवी आठवली. हाताच्या खुणांनी अक्षरं सांगायची जुनी रीत. 'अहिफन, कमल, चक्र, टंकार' असं सुरू होणारा एक जुना दोहा तिची किल्ली आहे. अहिफन म्हणजे नागाचा फणा, ती स्वरांची खूण. हाताचं कमळ केलं तर 'क'ची ओळ, चक्र दाखवलं तर 'च'ची, धनुष्याचा टंकार केला तर 'ट'ची, आणि पुढेही त, प, य, श यांपासून सुरू होणाऱ्या शब्दांच्या खुणा. मग बोटं म्हणजे ओळीतलं अक्षर आणि चुटक्या म्हणजे मात्रा. तुमच्या टाळ्यांच्या जागी चुटक्या, बाकी घडण तीच. पारिजातताई, ओळीचा आकडा लक्षात राहत नसेल त्या मुलांना या खुणा सोप्या जातील, कारण खुणेच्या नावातच ओळीचं अक्षर आहे.

आणि मी अमरावतीकडचा, त्यामुळे हे सांगितल्याशिवाय कसा राहू? महानुभाव पंथाने आपले ग्रंथ शतकानुशतकं सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. अक्षरं नागरीतलीच, पण एकाच्या जागी दुसरं. बाहेरच्या माणसाला पोथी उघडून काही लागायचं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या खटपटीमुळे त्यांची किल्ली अभ्यासकांना मिळाली आणि मराठीचं केवढं तरी जुनं गद्य उजेडात आलं. मोठ्या मुलांना हे जरूर सांगा. आपल्या भाषेतलं इतकं मोलाचं लेखन गुप्तलिपीत होतं, हे त्यांना माहीत असायला हवं.

---

पेशवेपार्क

मोडी शिकवली तर? तीही आता कुणाला वाचता येत नाही, म्हणजे गुप्तच झाली. माझ्या भाच्याला नाव मोडीत लिहायला शिकवलं तर वहीभर तेच लिहीत होता.

---

खडूफळा

पेशवेपार्क, मोडी जरूर शिकवावी, पण दहा-अकरा वर्षांपुढच्या मुलांना आणि लिपी म्हणून. ती सरकारी कागदपत्रांची रोजची लिपी होती, लपवण्यासाठी नव्हती. झरझर लिहिता यावी म्हणून तिला ते वळण. शिवाय मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, आणि मला तर या खेळातून तोच पक्का करून घ्यायचा असतो. नावं लिहायला उत्तम. गटाचं निशाण मोडीत काढायला लावा.

वऱ्हाडी पाहुणे, करपल्लवीची आठवण काढलीत, फार बरं वाटलं. कमळ आणि चक्र मुलं स्वतःच ठरवतील तसं करू द्यावं.

---

पारिजात

बाई, मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार. बागेतल्या मोकळ्या तुकड्यावर हातांचा खेळ घेतला. मुंबईच्या मुलांना मुळाक्षरांचा क्रम येत नव्हता, 'ण' कुठल्या ओळीत यावर त्यांचं अडलं. तेव्हा आमच्या वाडीतली चौथीतली एक मुलगी, जी एरवी इंग्रजी चिठ्ठी आली की मागे सरकते, ती पुढे झाली आणि तिने सगळा तक्ता तालात म्हणून दाखवला. मग मुंबईची मुलं तिला सोडेनात, प्रत्येक गटाला ती आपल्याकडे हवी होती. आता पडवीत तक्ता टांगलाय आणि जाता-येता सगळी मुलं म्हणतात.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सात वर्षांच्या पोरांना दोन आकडे आणि तिसरा बाराखडीचा, हे जड जातंय. त्यांना काय द्यावं? आणि चिठ्ठ्या ठेवायच्या कुठे? दगडाखाली ठेवल्या तर वाऱ्याने उडत नाहीत, पण झाडाला बांधलेल्या दोन तर माकडांनी पळवल्या.

---

खडूफळा

त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. आता तिला किल्ली बदलायचं काम सांगा: ओळी उलट्या मोजायच्या, म्हणजे 'प'ची पहिली आणि 'क'ची पाचवी.

दगडाखाली चिठ्ठी अजिबात नको. मे महिन्यात कोकणात दगडाखाली विंचू असतो, आणि मुलं दिसेल तो दगड उलटायला लागतात. पालापाचोळ्यात आणि गडग्याच्या फटीतही हात घालायला लावू नका. चिठ्ठी छातीच्या उंचीवर आणि डोळ्यांना दिसेल अशी हवी. माकडांवर उपाय म्हणजे कागदच न ठेवणे. गेरूने किंवा चुन्याने आकडे काढा, कलमाच्या खोडावर, विहिरीच्या कठड्याच्या बाहेरच्या अंगाला, पायरीवर. वळवाचा पाऊस आला तर धुऊन जाईल, म्हणून सकाळी नको, खेळाआधी काढा. कुणी बिब्ब्याने लिहा म्हणेल, धोबी कपड्यांवर खुणा करायचे तशी. ते साफ नको, बिब्बा अंगावर उततो.

सात वर्षांच्यांसाठी काठीचा निरोप. ग्रीसमधल्या स्पार्टाच्या सैन्यात हा प्रकार होता असं सांगतात. कागदाची बोटभर रुंद लांब पट्टी घ्यायची, विटीदांडूच्या दांडूवर शेजारी शेजारी गुंडाळायची, टोकं रबराने बांधायची, आणि दांडूच्या लांबीने एकेका पट्टीवर एकेक अक्षर असं वाक्य लिहायचं. एक ओळ संपली की दांडू थोडा फिरवून दुसरी. पट्टी सोडली की अक्षरांची खिचडी. इथे आकडे नाहीत, आणि काना-मात्रेसकट अख्खं अक्षर एका जागी राहतं, म्हणून 'वि' हा 'वि'च राहतो आणि लहानांना जमतं. वाचायला तेवढ्याच जाडीची काठी लागते. पट्टी द्या आणि काठी शोधून आणायला सांगा. चिव्याची बारीक काठी आणतील, त्यावर काही लागणार नाही. कुदळीचा दांडा आणतील, तोही जाड पडेल. चार-पाच काठ्या तुम्ही आधीच बागेत टाकून ठेवा, त्यातली एक दांडूएवढी.

पट्टी लिहिताना मात्र काना-वेलांटीसाठी बाजूला जागा सोडायला सांगा. अक्षर पट्टीच्या काठाला लागलं की अर्धी मात्रा शेजारच्या वेढ्यावर जाते आणि उलगडताना मुलं रडकुंडीला येतात.

---

पारिजात

काठीचं उद्याच करते. आणि टॉर्चचं? मुलं आत्तापासून मागे लागलीत.

---

खडूफळा

प्रत्येक बाजूला तीन टॉर्च पुरतात. डावा लुकलुकला तितकी ओळ, उजवा लुकलुकला तितकी जागा, आणि मधला खाली धरून लुकलुकला तितकी बाराखडी. सुट्या स्वराला डावा टॉर्च मध्ये न थांबता गोल फिरवायचा आणि मग मधल्याने आकडा द्यायचा. पाय मोडायचा असेल तर मधला आडवा हलवायचा, अनुस्वाराला उजवा कपाळापाशी नेऊन एकदा. बाग नको, अंधारात पायाखाली काय येईल सांगता येत नाही. एका घराच्या खळ्यातून दुसऱ्या घराच्या खळ्यात खेळा, दोन्हीकडे एकेक मोठं माणूस असू द्या, आणि टॉर्च समोरच्याच्या डोळ्यांवर न मारता जरा वरच्या बाजूला धरायला शिकवा. पहिला निरोप तीन अक्षरांहून मोठा देऊ नका.